सातव्या होलची घंटा

२८ सप्टेंबर, रविवार. ओजिमा

जॅकेटचा प्रश्न. हिरानो-सानांनी येत्या शनिवारी समुद्रकाठच्या जुन्या गोल्फ मैदानावर बोलावलंय, आणि तिथल्या क्लबच्या दारातून जॅकेट घातल्याशिवाय आत जाता येत नाही. खेळणाऱ्यालाही नाही, न खेळणाऱ्यालाही नाही. आत गेलं की काढून टांगायचं. मग घालायचं कशाला? इराला विचारलं. मोबाइलवरची नजर न उचलता म्हणाली, "मानाऽ." रीत आहे, बस. चौदा वर्षांची मुलगी आणि बोलते एखाद्या जपानी आजोबांसारखी.

मला गोल्फमधलं काही कळत नाही. हो का म्हटलं? हि.सानांचा हा शेवटचा खेळ. काचबिंदू आहे, मारलेला बॉल कुठे गेला ते आता दिसत नाही. ऑक्टोबरअखेर ऑफिसही सुटतंय. शिवाय कुतूहल. अकरा वर्षं ज्यांच्या शेजारी बसून सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधल्या, त्यांना उन्हात कधी पाहिलेलंच नाही. आणि खरं कारण बहुधा हे, की नाही म्हणता आलं नाही.

समीर खेळणार. आमच्या टीममधला पुण्याचा, उरायासूच्या सरावाच्या रेंजवर जाळीत बॉल मारून मारून शिकलेला. म्हणाला, "ताई, तू फक्त चाल. चालायला काही येत असावं लागत नाही."

इराच्या शाळेतल्या मीटिंगांचं निळं जॅकेट बरं दिसेल. कॉलरवर डाग. ब्रोच लावू? तेही ढोंगच.

४ ऑक्टोबर, शनिवार

केसांत अजून वाळू आहे. आधी सगळं लिहून काढते, मग धुते.

सकाळी समीरच्या गाडीतून. डिकी रिकामी. समीरच्या आणि हि.सानांच्या काठ्यांच्या पिशव्या परवाच कुरिअरने पुढे गेल्या होत्या. इथे सामान आधी पोचतं, माणसं नंतर.

हिरवळ असेल असं वाटलं होतं. हिरवळ कसली, वाळूच्या टेकड्या. त्यांवर खरखरीत गवत, वाऱ्याने एकाच बाजूला वाकलेले काळे पाइन, आणि त्यांच्यामागे पॅसिफिक, सारखा गुरगुरणारा. मैदान युद्धाच्या आधीचं. परदेशातल्या समुद्रकाठच्या मैदानांवरून आखलेलं म्हणे. युद्धात इथे रताळी लावली होती. त्या सऱ्यांच्या खुणा अजून दिसतात असं हि.सान म्हणाले. मला दिसल्या नाहीत. त्यांनाही आता दिसत नसणार, पण बोट अचूक दाखवत होते. (अचूक हे मला कसं कळलं? खोडायला हवं.)

बरोबर काठ्या सांभाळणाऱ्या कॅडी मोरी-सान, साठीच्या, टोपीवरून फडकं बांधलेलं. हि.सान मारायचे आणि न वळता विचारायचे, "कुठे?" मोरी-सान सांगायच्या. दोन होलनंतर ते काम माझ्याकडे आलं. "उजवीकडे, दोन पाइनच्या मधे." "अजून चाललाय. थांबला." मजा वाटली. दुसऱ्याच्या बॉलइतकं निरखून मी कधी कशाकडे पाहिलं नसेल.

सातव्या होलच्या वाटेवर लहान पाइनची रांग. प्रत्येकापुढे लाकडी पाटी, पाटीवर नाव. तिथे ज्यांनी एकाच फटक्यात बॉल थेट होलात घातला त्यांची झाडं. हि.सान जवळजवळ नाक लावून प्रत्येक पाटी वाचत गेले. त्यांच्या एका जुन्या मित्राचीही होती. मित्र आता नाही, झाड आहे. "तीसेक वर्षं येतोय," म्हणाले. "माझं एकही नाही." हसले. पण पाटीवरची वाळू त्यांनी रुमालाने पुसली ते मी पाहिलं.

आता हे नीट लिहायला हवं.

सातवं होल टेकडीमागे आहे. मारणाऱ्याला ते दिसतच नाही, समोर फक्त वाळूची भिंत. पुढची मंडळी तिथून निघाली की पलीकडची घंटा वाजवतात. घंटा ऐकू आली की मारायचं. मोरी-सान म्हणाल्या, तुम्ही बाजूच्या पायवाटेने वर जा, तिथून छान दिसतं. मी गेले. वर पोचले तर अगदी समोर खांबाला पितळी घंटा, दोरी लोंबलेली. आणि माझा हात वर गेला.

वाजवायची असं ठरवलं नव्हतं. मी देवळातही फारशी जात नाही. पण घंटा समोर आली की हात जातो, लहानपणापासून जातो. एकदाच, हलकेच. टण.

खाली ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पुढच्या मंडळींतल्या एक बाई अजून होत्या. जांभळी टोपी, हातात पटर, बॉल हलकेच होलात ढकलायची काठी. बाकीचे तिघे वाटेला लागलेले. मला काही सुचायच्या आत टेकडीवरून बॉल आला, ग्रीनच्या पुढच्या काठावर पडला, घरंगळत गेला आणि होलापासून हातभर अंतरावर थांबला. थांबला. बाई बॉलपासून चारपाच पावलांवर.

मी उलटी वळले आणि दोन्ही हात हलवून समीरला मारू नको असं खुणावलं. पुन्हा ग्रीनकडे वळले तर बॉल नव्हता. बाई मला लवून नमस्कार करून निघाल्या होत्या. वारा इतका की माझं जॅकेट फडफडत होतं.

सगळे आले. बॉल कुठेच दिसेना. मोरी-सानांनी होलात वाकून पाहिलं आणि तोंडावर हात धरला.

हि.सान गुडघ्यावर बसले. बॉल स्वतः काढला नाही, आत बोटं घालून नुसता चाचपला. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "पाटणकर-सान, दिसलं तुम्हाला?"

समीर म्हणाला, "दिसलं म्हणजे काय, दोन्ही हात वर करून नाचत होती ती."

मोरी-सान टाळ्या वाजवायला लागल्या. समीर वाजवायला लागला. मीही वाजवल्या.

जेवणाच्या सुट्टीत क्लबच्या मॅनेजरांनी येऊन अभिनंदन केलं. पुढची नऊ होल हि.सान फार वाईट खेळले आणि एकदाही "कुठे?" विचारलं नाही. खेळ संपल्यावर सगळे गरम पाण्याच्या हमामात गेले. मी बाहेर बसले. परक्यांसमोर कपडे उतरवणं इतक्या वर्षांनीही जमलेलं नाही. बरंच झालं. कुणाशी बोलावं लागलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

काल मी काय पाहिलं?

हि.सानांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं: पानावर मधोमध रेघ मारायची. एका बाजूला "पाहिलं", दुसऱ्या बाजूला "वाटलं". वाटलेलं पाहिलेल्यात घातलं की ते रागावत नसत. नुसतं त्या ओळीवर बोट ठेवून थांबत. मी खोडेपर्यंत.

पाहिलं: बॉल हातभर अंतरावर थांबला. नंतर नव्हता.

वाटलं: जांभळ्या टोपीवाल्या बाईंनी जाता जाता पटरने आत ढकलला असावा. आपल्यातल्याच कुणाचा राहिला असं समजून. किंवा गंमत म्हणून. किंवा यातलं काहीच नाही.

आणि टाळ्या? त्या कोणत्या बाजूला लिहायच्या?

८ ऑक्टोबर, बुधवार

ऑफिसात बातमी आधीच पोचलेली. इथली रीत उलटी, ज्याचं होल-इन-वन झालं त्यानेच सगळ्यांना भेटी द्यायच्या. हि.सान टॉवेल देणार. पांढरे, एका कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने नाव आणि तारीख. दोऱ्याचा निळा कोणता घ्यावा म्हणून नमुने माझ्यासमोर धरले. "रंग मला नीट कळत नाहीत आता. तुम्ही बघून सांगा." मी बघून सांगितला.

क्लबने झाडाचं कळवलंय. नोव्हेंबरात पाइनचं रोप, सातव्या होलच्या वाटेवर, मित्राच्या झाडापासून तिसरं.

समीरला जिन्यात गाठून सांगितलं. आधी हसला, मग हसायचा थांबला. ती घंटा तू वाजवलीस? देवळात आल्यासारखी? मग हळू आवाजात म्हणाला, "ताई, त्या माणसाला आता बॉल दिसत नाही. एक झाड दिसेल. तेवढं असू दे ना."

पटलं. जिना संपेपर्यंत पटलेलं होतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

लंचमध्ये नियम वाचले. गोल्फचे नियम वाचणारी मी, इराच्या बाबाला, मंदारला, कळलं तर ओसाकाहून फोन करून हसेल. हसू दे.

थांबलेला बॉल वाऱ्याने हलून होलात गेला तर तो आधीच्याच फटक्यात गेला असं धरतात. म्हणजे होल-इन-वन खरं. माणसाने ढकलून गेला तर तो उचलून मूळ जागी ठेवायचा आणि तिथून खेळायचं. म्हणजे खोटं. वाऱ्याने नेला तर चालतो, माणसाने नेला तर चालत नाही. किती सुंदर नियम आहे हा. वाऱ्याला ते खेळातला धरतात.

म्हणजे प्रश्न एवढाच उरतो. वारा की बाई?

हे वाचून हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याचा संशय आला. मला वारा हवा आहे. हवा आहे म्हणून मला तो कालपेक्षा आज जास्त जोरात आठवतोय.

२० ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी. रजा नाही, दोघींनी सातच्या आत उरकलं. उटणं लावताना इरा म्हणाली, वास छान आहे पण ट्रेनमध्ये लोक बघतात. बाल्कनीत दोन पणत्या, बॅटरीच्या. दांचीच्या, म्हणजे आमच्या वसाहतीच्या, नियमात बाल्कनीत आग चालत नाही. समोरच्या बिल्डिंगमध्येही चार मजल्यांवर तशाच लुकलुकत होत्या. अर्धं ओजिमा आपलंच झालंय.

चकल्या तळताना इराला सगळं सांगून टाकलं. तिने मधे तोंड घातलं नाही, हे नवीन. शेवटी इंग्रजीत, "आई, यू सॉ ऑर यू डिडन्ट." इतकं सोपं नसतं म्हटलं. त्यावर मराठीत, कधी नव्हे ते, "मग अवघड आहे तसंच सांग त्यांना."

थोड्या वेळाने आतून ओरडून विचारलं, "वारा कुठून येत होता?"

माहीत नाही. म्हणजे पाहिलेलं आहे, जॅकेट फडफडत होतं. पण कोणत्या बाजूला ते आठवत नाही. इतके दिवस विचार करतेय आणि हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. मी स्वतःलाच तपासत बसले होते.

२२ ऑक्टोबर, बुधवार

सांगितलं.

चकल्यांचा डबा घेऊन गेले. हि.सानांना चकली आवडते. दर दिवाळीला पहिली तिथेच उभ्याने खातात, बाकीच्या रुमालात बांधून घरी नेतात. मीटिंग रूममध्ये ते एकटे होते, टेबलावर टॉवेलांचे गठ्ठे. माझा वेगळा काढून ठेवलेला, वर चिठ्ठी, पाटणकर-सान. मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते.

घंटेपासून सुरुवात केली. आमच्याकडे देवळात शिरताना घंटा वाजवतात, हात सवयीने गेला, तुम्ही त्या आवाजावर मारलंत, खाली अजून एक बाई होत्या. ते ऐकत होते. नेहमी ऐकताना मान हलवतात, आज हलवली नाही.

मग म्हणाले, "पाहिलं काय?"

सांगितलं. हातभर अंतरावर थांबला. मी वळले. पुन्हा वळले तेव्हा नव्हता.

"वाटलं काय?"

जांभळी टोपी, पटर, सगळं सांगितलं. आणि मला वारा हवा आहे, म्हणून वाऱ्याबद्दल मी काही बोलले तर विश्वास ठेवू नका, हेही.

त्यांनी एक टॉवेल उघडला, कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं आणि थांबले. ते बोट मला ओळखीचं होतं. पण माझ्यावर नव्हतं ते. मग घडी पुन्हा घातली. म्हणाले, टॉवेल टॉवेलच आहे, तोंड पुसायच्या कामी येईल.

मी विचारलं, क्लबकडून त्या बाईंचा पत्ता लागेल का. नको म्हणाले. विचारलं तर त्या माफी मागतील. ढकलला असेल तरी मागतील, नसेल तरी मागतील. मग आपल्याला कधीच कळणार नाही.

हे इतकं खरं आहे की मी हसले. तेही थोडं हसले. चकली उचलली, खाल्ली नाही, हातातच धरली.

"टाळ्या का वाजवल्यात?"

एवढंच. ओरडून नाही. म्हटलं, तुम्ही गुडघ्यावर बसला होतात म्हणून. निघताना त्यांनी विचारलं, १ तारखेला शनिवार आहे, मोकळ्या आहात का?

मला वाटलं निरोपाचं जेवण. तसं नव्हतं. एखादी चूक सापडली की आम्ही पुढचं एकच काम करतो, ती पुन्हा घडवून पाहतो. घडली तर कळतं कशी घडते. सहा बॉल घरी आहेत म्हणाले, ते कुणाला देऊन टाकले नव्हते.

समीरला सांगितलं. कपाळाला हात लावून म्हणाला, "तुम्ही दोघं ना, एकमेकांना शोभता."

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवसभर जळणारा-न जळणारा कचरा वेगळा करणं, इराचे बूट, बँक. मधेच एक विचार येऊन गेला. मी खरेपणासाठी सांगितलं, की माझ्या छातीवरचं उचलून त्यांच्या छातीवर ठेवलं? त्यांचे ऑफिसातले शेवटचे आठ दिवस. त्यांनी माझ्यासमोर चकली खाल्ली नाही ते अजून डोळ्यांसमोर आहे.

क्लबला त्यांनी झाड थांबवायला सांगितलंय. थांबवायला. रद्द नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

काल त्यांचा ऑफिसातला शेवटचा दिवस. फुलं, भाषण, सगळ्यांचं लवून नमस्कार करणं. आज पुन्हा निळं जॅकेट. डाग तसाच, या वेळी ब्रोच लावला नाही.

ट्रेनने गेलो, दोघंच. नाटकातल्या मध्यंतरासारखा थोडा रिकामा वेळ मोरी-सानांनी काढून ठेवला होता. सकाळच्या मंडळींनंतर आणि दुपारच्यांच्या आधी, सातवं होल आमचं. रोप तिथेच, कॅडींच्या खोलीबाहेर कुंडीत. गुडघ्याइतकं. पाटी अजून कोरी.

मला माहीत नव्हतं ते हे, की होल रोज जागा बदलतं. दर सकाळी नवीन कापतात, जुनं बुजवतात. ४ ऑक्टोबरचं होल आता नाहीच. पण बुजवलेल्या गवताचा गोल थोडा वेगळा दिसतो. बरेच गोल होते. मोरी-सान म्हणाल्या, हा असावा. हि.सानांनी विचारलं, असावा की आहे? त्या म्हणाल्या, असावा. त्यांनी मान हलवली. आज मान हलवली.

मी म्हटलं तिथे बॉल ठेवला. हातभर अंतर, पाइनच्या बाजूला. ही बाजू मला आठवते की मी आत्ता ठरवली? सांगितलं त्यांना तसं. चालेल म्हणाले, दोन्ही बाजूंनी करू.

वारा होता, पण त्या दिवसासारखा नाही. समुद्राकडून. जॅकेट पाठीला चिकटत होतं, फडफडत नव्हतं. आम्ही तिघं ग्रीनच्या काठावर उभे राहिलो आणि एका बॉलकडे पाहत राहिलो. हसू आलं आणि नाहीही आलं. हि.सान जवळ बसले, गुडघ्यावर, त्या दिवशी बसले होते तसेच. बॉल थरथरत होता. हलत नव्हता.

मग एक झोत आला. बॉल निघाला. गोलाच्या दिशेनेच निघाला, आपण कुठे जातोय हे माहीत असल्यासारखा, आणि एका वितीवर थांबला.

"कुठे?"

"एक वीत अलीकडे. थांबला."

"त्या दिवशी वारा याहून जास्त होता?"

"होता असं वाटतं."

"वाटतं," ते म्हणाले, आणि वाळूत बोटाने मधोमध एक रेघ ओढली. एका बाजूला काही लिहिलं नाही, दुसऱ्या बाजूलाही नाही. मग म्हणाले, डिसेंबरात इथे खरा वारा असतो. तेव्हा येऊ.

शेवटचा खेळ असं म्हणाले होते ना तुम्ही, मी विचारलं. हा खेळ नाही, म्हणाले. हे काम आहे. चेहऱ्यावर मात्र मी अकरा वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं. (काय ते लिहीत नाही. उन्हामुळेही असेल.)

मोरी-सानांनी विचारलं, रोपाचं काय करायचं? हि.सान म्हणाले, कुंडीतच राहू दे, पाणी घालत जा.

दुपारची मंडळी टेकडीमागे येऊन थांबली होती. मोरी-सान ट्रॉली घेऊन पुढे गेल्या. हि.सानांनी बॉल खिशात टाकला. आम्ही वर घंटेपाशी आलो. मी ग्रीन नीट पाहून घेतलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुणी नाही. कुणीच नाही ना, ते म्हणाले. नाही म्हटलं. मग दोरी धरली आणि वाजवली. टण.

टेकडीवरून कुणा अनोळखी माणसाचा बॉल वर आला, काठावर पडला आणि घरंगळायला लागला. हि.सान त्या दिशेला तोंड करून उभे होते.

"कुठे?"

"अजून चाललाय," म्हटलं.